तालेवारसाहेबांचे चार दिवस

त्यांचं खरं नाव आर्मां ताल्येर. पण आमच्या आप्पांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान डोलावून ते म्हणाले, "तालेवार? मग बराबर हाय. मंत्री म्हंजे तालेवारच असनार की." त्या दिवसापासून फ्रान्स देशाचे माजी शेतीमंत्री आमच्या घरात तालेवारसाहेब झाले ते कायमचे. मागं माझ्या नातीनं मोबाईलवर त्यांचं नाव शोधून काढलं. दोन ओळी निघाल्या. डोंगराळ भागात शेळ्या राखणाऱ्या घरात जन्म, अडीच वर्षं शेतीमंत्री, पुढच्या निवडणुकीत पराभूत. "एवढंच?" ती म्हणाली आणि दुसरंच काहीतरी बघायला लागली. तिला काय सांगणार? या माणसाच्या येण्यानं आमच्या घरात एकाच्या दोन चुली झाल्या, आणि तरी आमच्याकडं कुणी त्यांचं नाव आदराशिवाय घेतलं नाही, हे दोन ओळींत कुठं बसायचं? म्हणून हे लिहायला बसले.

येडशीपासून पायी तासाभराच्या अंतरावर आमची वस्ती होती. पाठीमागं रामलिंगच्या बाजूनं आलेली डोंगराची रांग आणि तिच्या पायथ्याशी आमचा माळ. माळ आमचा म्हणजे कागदोपत्री सरकारचा, पण माझ्या आजोबा-पणजोबांच्या शेळ्या तिथंच चरल्या, त्यामुळं तो दुसऱ्या कुणाचा असेल असं कधी मनातही यायचं नाही. घरात दोन भाऊ. थोरले ते आप्पा, माझे चुलते. धाकटे ते आबा, माझे वडील. आप्पांनी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. साठएक शेळ्यांचा कळप हाच त्यांचा संसार. आपल्या जिल्ह्याची ती काळीभोर, लांब कानांची, जुळी देणारी जात. प्रत्येकीला नाव होतं आणि आप्पा हाळी द्यायचे ती नावानंच. आबांना मात्र आप्पांनी हट्टानं शिकवलं. आबा जंगल खात्यात गार्ड झाले, बारा वर्षं बाहेर नोकरी करून शेवटी बदली होऊन आपल्याच डोंगरावर आले. लोक म्हणायचे, नामदेवचं नशीब थोर, घरची भाकरी खाऊन सरकारची नोकरी करतोय. आप्पांना आणि थोरल्या आईला मूलबाळ नव्हतं. मी एकटीच, आणि मी दोघांचीही होते. सकाळी आईनं वेणी घालायची आणि थोरल्या आईनं ती सैल झाली म्हणून परत घालायची, असं माझं बालपण गेलं.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. तांबडं फुटायच्या सुमाराला करडांचा कालवा सुरू व्हायचा, आयांच्या पायांत घुसायला. मग दुधाची धार चरवीत पडायची. आधी टणटण, भांडं भरत आलं की घुमून. लांब येडशीच्या अंगानं छोट्या रेल्वेची शिट्टी यायची, आणि त्या शिट्टीवर थोरली आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. दोन्ही भाऊ एकाच ताटात जेवायचे. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, कांदा. आप्पा भाकरी मोडायचे आणि मोठा तुकडा न बघता आबांच्या बाजूला सारायचे. आबांच्या अंगात खाकी कपडे असले तरी त्या ताटापुढं ते धाकटेच असायचे.

मी तेव्हा अकरावीला धाराशिवला वसतिगृहात राहून शिकत होते. पाट्यांवर त्या काळी गावाचं नाव वेगळं होतं, आता पाट्यांवरही धाराशिव आलंय, पण आमच्या घरात ते नाव कधी गेलंच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीला घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी आबांनी मला शेताच्या बांधावर बोलावलं. हातात कोरे कागद होते. "तुझं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिहून दे. बदलीचा." मी चकित झाले. इतक्या वर्षांनी घरी आलेला माणूस बदली कशाला मागतोय? कारण काय लिहायचं, विचारलं तर म्हणाले, "घरगुती अडचन." मग खिशातून दुसरा एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. वरून आलेला हुकूम होता. डोंगरावर झाडं लावायची होती आणि त्यासाठी पायथ्याचा सगळा माळ चराईला बंद होणार होता. गावकऱ्यांना समज देऊन पुढच्या महिन्यापासून अंमल करायचा, आणि अंमल करायचा तो आबांनी. मी वाचून त्यांच्याकडं बघितलं. ते डोंगराकडं बघत होते. "आप्पाला म्या कसं सांगू, सुमन? म्या न्हाय सांगू शकत. दुसरा कुनी गार्ड येऊ दे, त्यानं करावं." मी अर्ज लिहून दिला. आबांनी तो घडी करून हुकमाशेजारी खिशात ठेवला आणि मला बजावलं की घरात कुणालाही बोलायचं नाही. सोळा वर्षांच्या पोरीला घरातल्या एकाचं गुपित दुसऱ्यापासून लपवायला लागलं की जेवण गोड लागत नाही. आप्पा विचारायचे, "शहरात जाऊन भूक मेली का गं तुझी?"

अशात जनावरांचे डॉक्टर सायकल हाणत वस्तीवर आले. फ्रान्सहून एक मोठे पाहुणे आले होते. पूर्वी मंत्री होते, आता म्हातारपणी देशोदेशीच्या शेळ्यांच्या जाती बघत फिरत होते, आणि आपल्या काळ्या शेळीचं नाव त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. अडचण अशी की दिल्लीहून बरोबर आलेला दुभाषा धाराशिवला येऊन पोट धरून दवाखान्यात पडला होता. "साहेबांना थोडं इंग्रजी येतं," डॉक्टर म्हणाले, "पण माझ्या इंग्रजीत नुसती औषधांची नावं आहेत. तुमच्या सुमनला चांगलं येतं म्हणे." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात कुणाशी इंग्रजी बोलले नव्हते, फक्त लिहिलं होतं. आप्पा म्हणाले, "येतंय की तिला. का न्हाय येनार?" झालं, मी मंत्र्याची दुभाषी झाले.

दुसऱ्या दिवशी जीप आली आणि तिच्यातून एक उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा उतरला. डोक्याला चपटी टोपी, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला कोट. माझी तर निराशाच झाली. मंत्री म्हणजे हार-तुरे, मागंपुढं माणसं. हा माणूस कुणाकडं न बघता थेट गोठ्याकडं गेला, एका शेळीपुढं गुडघे टेकून बसला, तिचा कान हातात धरला, दात बघितले, आणि मग कासेखाली हात घालून वजन घेतल्यासारखं केलं. आप्पा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मंत्री कधी झाला आसंल ते आसंल. हा मानूस शेळ्या राखनारा हाय." येडशीला विश्रामगृहात सोय केली होती, पण सकाळची धार बघायची म्हणून साहेब आमच्याच ओसरीवर बाजेवर राहिले. एक दिवस म्हणता म्हणता चार दिवस राहिले.

पहिल्या दोन दिवसांत त्यांनी माझ्या आईचा जीव घाबरा केला. सकाळचं चांगलं दूध मागून घेतलं, त्यात लिंबू पिळलं आणि ते फाटलं तेव्हा समाधानानं मान हलवली. आमच्यात दूध नासणं म्हणजे अपशकुन. आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "अगं, सांग त्यान्ला, हातानं दूध नासवू नये म्हनून!" मी सांगितलं. साहेब हसले आणि म्हणाले की त्यांच्या आईनं हे सत्तर वर्षं केलं. आबांच्या जुन्या धोतराचं फडकं मागून त्यांनी ते बांधलं, आढ्याला टांगलं, संध्याकाळी मीठ घालून थापलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या भाकरीवर ठेवलं. आप्पांनी चाखून बघितलं. "चक्क्यात मीठ पडलंय," ते म्हणाले, पण भाकरी संपवली. साहेबांनी तेच ठेच्याबरोबर खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत, आणि वर माझ्याकडून आईला निरोप दिला की त्यांच्या देशाच्या राजधानीत मोठमोठ्या जेवणावळी झाल्या, पण त्यात असा तिखट पदार्थ नव्हता, हा त्यांच्या देशाचा दोष आहे.

त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. दोघंही एकेक शब्द चाचपडत बोलायचो, त्यामुळं उलट चांगलंच समजायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे कडुलिंबाखाली बसले होते. आप्पा, आबा, डॉक्टर, उंबऱ्यात आई आणि थोरली आई. आप्पा म्हणाले, "विचार गं त्यान्ला, शेळ्यांमागचा मानूस मंत्री कसा झाला?" आणि साहेबांनी टोपी मांडीवर ठेवून सांगायला सुरुवात केली.

त्यांचा गाव आपल्यासारखाच, दगड जास्त आणि माती कमी. वडील पहिल्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. आई, ते आणि धाकटा भाऊ. दोघं भाऊ पाळीपाळीनं शाळेत जायचे, एक जाईल तेव्हा दुसरा शेळ्यांमागं. पण गावातल्या मास्तरांनी सांगितलं की थोरल्याला डोकं आहे. मग धाकटा भाऊ म्हणाला, माझीही पाळी तू घे. एवढं सांगून साहेब थांबले. मी भाषांतर केलं आणि आप्पांनी आबांकडं बघितलं. पुढं साहेब स्वतः मास्तर झाले. दुसऱ्या युद्धात जर्मनांनी देश घेतला तेव्हा ज्यांना पकडून नेत होते अशा माणसांना त्यांनी डोंगरातल्या शेळ्यांच्या गोठ्यात लपवलं. किती, विचारलं तर म्हणाले, मोजत नव्हतो, गोठा भरला की दुसरा गोठा बघत होतो. युद्ध संपल्यावर गावानं त्यांना सरपंच केलं, मग मुलखानं निवडून राजधानीला पाठवलं, आणि एक दिवस त्यांना शेतीमंत्री केलं.

"मंत्री होऊन केलं काय?" आप्पांनी विचारलं. साहेबांनी थोडा विचार केला. शाळेतल्या पोरांना दूध सुरू केलं, ते म्हणाले. आणि दुसरं, कचेरीच्या कागदांवर त्यांच्या आईच्या नावापुढं लिहिलेलं असायचं, 'काम काही नाही'. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत शेळ्या, शेत, चूल, आणि कागदावर काम काही नाही! त्यांनी नियम बदलून घेतला, आणि जी बाई शेतात राबते तिला शेतकरी म्हणूनच लिहायला लावलं. हे ऐकून आई उंबऱ्यातून पुढं सरकली. "मग त्येंची आई काय म्हनली?" तिनं विचारलं. मी ते साहेबांना विचारलं. साहेब हसत म्हणाले, "ती म्हणाली, मी कचेरीत नाव लिहून घ्यायला जाते, तोवर धार कोण काढेल?" आई आणि थोरली आई दोघी इतक्या हसल्या की थोरल्या आईला ठसका लागला. मी पुढं महसूल खात्यात नोकरीला लागले आणि निवृत्त झाले ती नायब तहसीलदार म्हणून. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला नवरा-बायको समोर उभे राहायचे, तेव्हा दर वेळी मला ते हसणं ऐकू यायचं.

मग साहेबांचा आवाज बदलला. ते म्हणाले, मंत्री असताना मी एक काम केलं ज्यासाठी मला अजून शिव्या मिळतात. त्यांच्या भागातले डोंगर बोडके झाले होते. दर पावसाला माती वाहून जायची, आणि एका वर्षी डोंगराचा एक कडाच खालच्या गावावर आला. घरं गेली, माणसं गेली. माती वाहून जाण्याला ते जो इंग्रजी शब्द वापरत होते तो मला येईना. साहेब उठले, अंगणात मातीचे दोन ढीग केले, एकावर हरळीचा गड्डा बसवला, आणि दोन्हींवर तांब्यानं पाणी ओतलं. उघडा ढीग आमच्या पायापर्यंत वाहत आला. हरळीचा जागेवर राहिला. आप्पा त्या पाण्याकडं बघत म्हणाले, "खरं हाय. आपल्या वढ्याला बी आता गढूळच पानी येतंय."

त्यांच्या खात्यानं ठरवलं की काही डोंगर काही वर्षं चराईला बंद करायचे. यादी झाली. यादीत साहेबांच्या स्वतःच्या गावाचा डोंगर होता. हाताखालचे अधिकारी म्हणाले, साहेब, तुमचं गाव वगळू, कुणाला कळणार नाही. ते नसेल तर तुम्ही त्या आठवड्यात परदेशी जा, दुसऱ्या कुणाच्या सहीनं हुकूम निघेल.

इथं माझी जीभ अडली. इंग्रजी मला समजलं होतं, शब्दही येत होते. पण माझ्या डाव्या हाताला आबा बसले होते, त्यांच्या खिशात दोन कागद होते, आणि उजव्या हाताला आप्पा बसले होते. एक क्षण असं वाटलं की हे वाक्य गाळावं, पुढचं सांगावं. कुणाला कळणार होतं? साहेब माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते. ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ माझ्यासारख्या पोरीच्या भाषांतरावर पूर्ण विश्वास टाकून बसले होते. मी आबांकडं न बघता सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आबांनी मान खाली घातली आणि हरळीच्या ढिगाची माती बोटानं सारखी करत बसले.

साहेब म्हणाले, मी दोन्हींतलं एकही ऐकलं नाही. सही केली, आणि पोलीस न घेता एकटा गावी गेलो. चौकात उभा राहून सांगितलं. तीन वर्षं डोंगर बंद, त्यानंतर तुकड्या-तुकड्यानं उघडणार, तोवर चाऱ्याची सोय सरकार करेल. लोक ऐकायला तयार नव्हते. ज्यांना मी लिहायला-वाचायला शिकवलं त्यांनी तोंडावर शिव्या दिल्या. मी तिथंच उभा राहिलो, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत. पुढच्या निवडणुकीत माझ्या गावानंच मला पाडलं. मी एक पेटी घेऊन बसनं घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या घेऊन रानात गेलो.

"दुसऱ्याच दिवशी?" आप्पा उद्गारले. "आपला सरपंच पडला तर सा म्हैने तोंड दावत न्हाय. लई मोठा मानूस!" मग ते मला म्हणाले, "पर एक विचार. त्येंचा धाकटा भाऊ, ज्यानं आपली पाळी दिली, त्यो काय म्हनला?"

साहेबांनी टोपी उचलून हातात फिरवली. ते म्हणाले, "एवढी एकच चूक मी केली. मला वाटलं, मंत्र्यानं सगळ्यांना सारखं सांगावं. म्हणून मी चौकात सांगितलं, आणि भाऊ गर्दीत उभा होता. त्याच्या शेळ्यांचा डोंगर बंद होणार हे त्याला शेजाऱ्यांबरोबर कळलं. मी आधी घरी जायला पाहिजे होतं. दार लावून, त्याला एकट्याला सांगायला पाहिजे होतं. डोंगराबद्दल त्यानं मला केव्हाच माफ केलं असतं. चौकाबद्दल अजून केलेलं नाही." हे सांगताना त्यांचं इंग्रजी इतकं मोडलं की मला एकेक शब्द उचलून जोडावा लागला. आप्पा हळूच म्हणाले, "त्येचं बरोबर हाय. भावाचं." आणि उठून शेळ्यांना पाणी दाखवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खाकी कपडे घातले नाहीत. साधं धोतर नेसले आणि आप्पांना म्हणाले, "आज म्या बी येतो माळाला, तुमच्यासंगट." आप्पा खूश झाले. लहानपणानंतर दोघं भाऊ शेळ्यांमागं कधी बरोबर गेले नव्हते. दुपारी थोरल्या आईनं भाकरी बांधून माझ्या हाती दिली. मी माळावर पोचले तेव्हा शेळ्या बोरीच्या जाळीत पांगल्या होत्या आणि दोघे एका खडकावर बसले होते. जवळ जाईपर्यंत मला कळलं की सांगून झालेलं आहे. हुकमाचा कागद आप्पांच्या हातात होता. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते त्याच्याकडं बघत होते.

"कवाचा हाय ह्यो कागद?" त्यांनी विचारलं.

"दोन आठवडं झालं, आप्पा."

"दोन आठवडं." आप्पांनी कागद घडी घालून परत दिला. "दोन आठवडं माज्या ताटात जेवलास, नामा."

आबा हात जोडून म्हणाले, "चुकलं माजं. म्या बदली मागनार हुतो. पर तुमाला दुसऱ्या कुनी येऊन सांगितलं असतं तर..."

"हिला ठावं हुतं?" आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली. त्यांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही. रागापेक्षा त्यात लाजच जास्त होती, जशी काही चूक त्यांचीच झाली होती. भाकरीचं फडकं त्यांनी घेतलं नाही. हाळी देऊन शेळ्या गोळा केल्या, आणि भर दुपारी, जेव्हा कधीच कुणी शेळ्या परत आणत नाही, तेव्हा कळप घेऊन खाली उतरले.

त्याच दुपारी साहेबांची जीप आली. आबांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण मला राहवलं नाही. निघताना मी त्यांना सांगितलं की माझ्या वडिलांच्या खिशातही तसाच हुकूम होता, आणि आज त्यांनी भावाला एकट्याला गाठून सांगितलं. साहेब आबांपुढं गेले, डोक्यावरची टोपी काढली, आणि जंगल खात्यातल्या एका गार्डपुढं फ्रान्सचे माजी मंत्री मान लववून उभे राहिले. आबा इतके संकोचले की त्यांना हात जोडायचंही सुचेना. आप्पा रागात होते, तरी पाहुण्याला निरोप द्यायला गोठ्यातून बाहेर आले आणि आपल्या खांद्यावरचं घोंगडं साहेबांच्या खांद्यावर टाकलं. ते आबांकडं मात्र बघत नव्हते.

त्या आठवड्यात आप्पांनी परसात तीन दगड मांडले. थोरली आई रडत रडत तिथं भाकऱ्या करायला लागली. मी दोन्हीकडं जेवायचे, पण आप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलत. निम्म्या शेळ्या त्यांनी बार्शीच्या बाजारात विकल्या. त्या दिवशी नावानं हाळी देता देता मध्येच थांबलेले मी त्यांना ऐकलं. माळ बंद झाला. गावकऱ्यांना आबांनी घराघरात जाऊन सांगितलं, एकेका दारात उभे राहून बोलणी खाल्ली. बदलीचा अर्ज मी परत कधी बघितला नाही. उलट त्यांनी वरच्या साहेबांकडं दुसरेच अर्ज सुरू केले, तेही माझ्याच अक्षरात. झाडं वाढू द्या, जनावर आत सोडू नका, पण गवत तरी लोकांना विळ्यानं कापून न्यायची परवानगी द्या. एकदा नाही, वर्षाला दोन-दोन अर्ज. कचेरीत त्यांची चेष्टा व्हायची. ते टोपी घालून पुन्हा तिथंच जायचे.

साहेबांशी माझा पत्रव्यवहार थोडे दिवस चालला. मी तहसील कचेरीत लागले तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की वाईट बातमी असेल तर शिपायाहाती पाठवू नकोस, स्वतः जा. कठीण होतं ते. भूसंपादनाच्या नोटिसा घेऊन मी कित्येक उंबरठे चढले, कित्येक ठिकाणी मला पाणीसुद्धा मिळालं नाही. पण मी गेले. पुढं एक काळ्या काठाचं पाकीट आलं. साहेब वारले होते. पत्र त्यांच्या पुतणीनं लिहिलं होतं, म्हणजे त्याच भावाच्या मुलीनं, आणि तिनं लिहिलं होतं की घोंगडं आता तिच्या वडिलांच्या घरी आहे. मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

पण त्याच्या कितीतरी आधी, माळ बंद झाल्याच्या तिसऱ्या वर्षी, गवत कापायची परवानगी आली होती. मी सुट्टीला घरी होते, विळा घेऊन मीही गेले. माळावर कमरेइतकं पवन्या गवत उभं होतं, मी जन्मात तिथं तेवढं गवत बघितलं नव्हतं. गावातली माणसं विळे घेऊन चढत होती. आबा वाटेवर उभे राहून एकेकाला हद्द दाखवत होते. सगळ्यांच्या मागून आप्पा आले. तीन वर्षांत ते आबांच्या समोर असे आले नव्हते. आबा बाजूला झाले, वाट दिली. आप्पा पुढं गेले नाहीत.

"नामा," ते म्हणाले, "त्या वक्ताला तू सोता येऊन सांगितलंस, ते बरं केलंस."

आबा म्हणाले, "तुमी तीन सालं बोलला न्हाई, आप्पा."

"मग? राग आला हुता." आप्पांनी विळ्याची धार अंगठ्यानं बघितली. "पर राग धराया मानूस तरी घावला. नुसत्या कागदावर कुनी राग धरावा, आन् कागदाला माफ तरी कसं करावं?"

मग त्यांनी गवताची पहिली मूठ धरली आणि कापायला लागले. आबांनी अंगातला खाकी शर्ट काढून बाभळीला टांगला, माझ्या हातातला विळा घेतला, आणि त्यांच्या शेजारी वाकले.